डेस्कटॉप कोरा, टास्कबार गायब : फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला वाईहून मावशीचा फोन आला. “अगं, कॉम्प्युटरवरचं सगळं पुसलं गेलं. खालची पट्टी नाही, फोल्डर नाहीत, नुसता डोंगराचा फोटो उरलाय. काकांच्या पेन्शनचे कागद होते गं त्यात.”

मी तिला सगळ्यात आधी जे सांगितलं तेच इथेही आधी सांगते : कागद बहुतेक जिथे होते तिथेच आहेत. डेस्कटॉपवरची चित्रं म्हणजे फायली नव्हेत. फायली डिस्कवर असतात. त्यांची चित्रं पडद्यावर मांडणारा प्रोग्रॅम बंद पडला, की पडदा कोरा होतो, डिस्क होत नाही. दुकानावरची पाटी पडली म्हणून आतला माल जात नाही, तसंच हे.

मी बरीच वर्षं एमएस-सीआयटीचे वर्ग घेतले. या एका तक्रारीपायी विनाकारण फॉरमॅट झालेले, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकलेले, संगणक मी पाहिलेत. आमच्या शेजारच्या घरी हेच झालं होतं. दुकानदार म्हणाला, “विंडोज उडालंय, नवीन मारावं लागेल.” त्यांनी होकार दिला आणि मुलीच्या बारशाचे सगळे फोटो त्यात गेले. मला कळलं ते नंतर. लक्षणं ऐकली तेव्हा वाटलं, एक फोन केला असता तर दोन मिनिटांत सुटलं असतं. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. विंडोज १० आणि विंडोज ११ या दोन्हींना ते लागू आहे. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

बिघाड कुठे असतो

विंडोजमध्ये ‘एक्सप्लोरर’ नावाचा प्रोग्रॅम असतो. इंटरनेट एक्सप्लोरर नावाचा जुना ब्राउझर होता, तो वेगळा. हा एक्सप्लोरर म्हणजे फोल्डर उघडल्यावर जी खिडकी दिसते ती. पण त्याचं काम तेवढंच नाही. १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं तेव्हापासून डेस्कटॉपवरचे आयकॉन मांडणं आणि खालचा टास्कबार दाखवणं ही कामंही त्याच्याकडेच आहेत. म्हणून तो कोसळला की आयकॉन आणि टास्कबार एकदमच जातात. दोन्ही एकाच वेळी गेले असतील तर संशय आधी एक्सप्लोररवर घ्यायचा. दोन्हींपैकी एकच गेलं असेल तर बहुतेक वेळा कुठली तरी सेटिंग बदललेली असते.

याची खात्री करायची एक सोपी युक्ती आहे. कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेली कळ दाबून ठेवा आणि ई दाबा. एरवी फोल्डरची खिडकी उघडते. विंडोज कळीचे असे बहुतेक शॉर्टकट एक्सप्लोररच ऐकतो, त्यामुळे तो बंद असेल तर काहीच होत नाही. खिडकी उघडली तर एक्सप्लोरर जिवंत आहे. मग खाली ‘फक्त आयकॉन’ किंवा ‘फक्त टास्कबार’ हे भाग वाचा. उघडली नाही तर पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

एक कळकळीची विनंती. पडदा कोरा दिसला म्हणून लगेच पॉवरचं बटण दाबून धरू नका आणि बोर्डावरचं बटण तर मुळीच बंद करू नका. मागे एखादी फाइल लिहिली जात असेल तर तीच खराब होते, आणि छोट्या बिघाडाचा मोठा होतो.

दोन्ही गायब : एक्सप्लोरर पुन्हा उठवणं

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. एस्केप म्हणजे डाव्या कोपऱ्यात सगळ्यात वरची. हा शॉर्टकट एक्सप्लोररवर अवलंबून नसतो, म्हणून कोऱ्या पडद्यावरही तो चालतो. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडेल. नाही उघडली तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबा. जो साधा पडदा येतो त्यावर ‘टास्क मॅनेजर’ असं लिहिलेलं असतं, ते निवडा.

१. विंडोज १० मध्ये खिडकी अगदी छोटी दिसली तर तळाशी ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करा.

२. ‘प्रोसेसेस’च्या यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधा. शेजारी पिवळ्या फोल्डरचं चित्र असतं. सापडला तर त्यावर उजवं क्लिक करून ‘रीस्टार्ट’ निवडा. पडदा क्षणभर लुकलुकतो आणि सगळं परत येतं.

३. यादीत तो नसेलच, तर नव्याने सुरू करायचा. विंडोज १० मध्ये ‘फाइल’ मेनूतलं ‘रन न्यू टास्क’ निवडा. विंडोज ११ च्या नव्या टास्क मॅनेजरमध्ये ‘रन न्यू टास्क’चं बटण वरच असतं.

४. समोर आलेल्या चौकटीत इंग्रजीत एक्सप्लोरर टाइप करा. फोनवर मी एकेक अक्षर सांगते : ई, एक्स, पी, एल, ओ, आर, ई, आर. मध्ये जागा नाही. खाली ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रिव्हिलेजेसची चौकट असते, तिच्यात खूण करू नका. एक्सप्लोरर तुमच्या नेहमीच्या अधिकारांवरच चालायला हवा. मग एंटर.

मावशीचं काम इथेच झालं. तिने एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केलं, एंटर दाबलं आणि म्हणाली, “अगं बाई, घड्याळ आलं!” टास्कबारच्या कोपऱ्यातलं घड्याळ परत आलं की बाकीचंही येतं.

त्यानंतर संगणक एकदा रीतसर रीस्टार्ट करा. ‘शट डाउन’ नको, ‘रीस्टार्ट’च. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुधा चालूच असते. तिच्यामुळे शट डाउन करताना सिस्टीमचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि चालू करताना तोच परत घेतला जातो, म्हणजे गोंधळही तसाच परत येऊ शकतो. रीस्टार्टमध्ये सगळं मुळापासून नव्याने सुरू होतं.

पडदा कोरा असतानाच फायली काढून घेता येतात

ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते आणि जीव भांड्यात पडतो तो हिच्यामुळेच. एक्सप्लोरर काही केल्या सुरू होत नसेल तरी ‘रन न्यू टास्क’च्या चौकटीतलं ‘ब्राउझ’ बटण दाबा. फाइल निवडायची खिडकी उघडते. तिच्यात खाली फाइलच्या प्रकाराची यादी असते, तिथे ‘ऑल फाइल्स’ करा. आता डावीकडून सी ड्राइव्ह, मग ‘युजर्स’, मग तुमच्या नावाचं फोल्डर, मग ‘डेस्कटॉप’ असं आत जा. पुसले गेले असं वाटत होतं ते कागद इथे दिसतील. उजवं क्लिक करून ‘कॉपी’ म्हणा, पेन ड्राइव्ह लावा, त्याच खिडकीत पेन ड्राइव्ह उघडून ‘पेस्ट’ करा. ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’चंही तसंच करा.

पुढचे उपाय करण्याआधी हे एवढं उरकून घ्या. कागद हातात आले की माणूस शांतपणे विचार करतो, आणि दुकानात जायची वेळ आलीच तरी घाबरून जात नाही.

येतं आणि पुन्हा जातं

कधी एक्सप्लोरर सुरू होतो, दोन सेकंद सगळं दिसतं आणि परत कोरं होतं. किंवा उजवं क्लिक केलं की टास्कबार नाहीसा होतो. याचा अर्थ एक्सप्लोररला कोणीतरी पाडतंय. बहुतेक वेळा तो बाहेरून आलेला एखादा प्रोग्रॅम असतो. फायली दाबून लहान करणारे, क्लाउडवर साठवणारे, अँटिव्हायरस असे अनेक प्रोग्रॅम उजव्या क्लिकच्या मेनूत आपली एखादी ओळ घुसवतात. ती ओळ दाखवणारा त्यांचा तुकडा एक्सप्लोररच्या आत राहूनच चालतो. तो तुकडा बिघडला की स्वतःबरोबर एक्सप्लोररलाही घेऊन पडतो. टास्कबारचं रूप बदलणारे प्रोग्रॅम त्याहून त्रासदायक. विंडोजचं मोठं अपडेट आलं की आतली रचना बदलते, या प्रोग्रॅमना ती ठाऊक नसते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टास्कबार नसतो. घरच्या संगणकावर असले प्रोग्रॅम ठेवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

गुन्हेगार शोधायचा कसा? विंडोज स्वतःच टिपण ठेवतं. ‘रन न्यू टास्क’मध्ये टाइप करा : पी, ई, आर, एफ, एम, ओ, एन, मग एक जागा, मग उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ, मग आर, ई, एल. ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडतो. तारखांचा तक्ता दिसतो आणि ज्या दिवशी काही कोसळलं त्या दिवशी लाल फुली असते. तिच्यावर क्लिक करून खालच्या यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ आहे का पाहा. असेल तर त्यावर दोनदा क्लिक केल्यावर तपशील येतो. त्यात ‘फॉल्ट मॉड्यूल नेम’ अशी ओळ असते. तिथलं नाव ओळखीच्या एखाद्या प्रोग्रॅमशी जुळत असेल तर धागा मिळाला. मात्र ते नाव विंडोजच्या स्वतःच्या भागाचं असेल तर लगेच विंडोजला दोष देऊ नका. दुसऱ्याने ढकललं तरी पडताना नाव पडणाऱ्याचंच लागतं.

प्रोग्रॅम काढण्यासाठी ‘रन न्यू टास्क’मध्येच ए, पी, पी, डब्ल्यू, आय, झेड, मग टिंब, मग सी, पी, एल टाइप करा. बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी उघडते. ‘इन्स्टॉल्ड ऑन’ या मथळ्यावर क्लिक केलं की ती तारखेनुसार लागते. त्रास सुरू झाला त्याच्या आगेमागे आलेलं जे असेल ते आधी काढा. एका वेळी एकच काढा आणि दर वेळी रीस्टार्ट करून पाहा. पाच एकदम काढले तर दोषी कोण होता ते कधीच कळत नाही.

टास्क मॅनेजरच टिकत नसेल तर सेफ मोड. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून येणाऱ्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात पॉवरचं चिन्ह असतं. शिफ्ट कळ दाबून धरून तिथलं ‘रीस्टार्ट’ निवडा. निळा पडदा येईल. त्यात ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, मग ‘रीस्टार्ट’. पुढच्या यादीत ४ दाबा. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरत्याच गोष्टी घेऊन सुरू होतं. तिथे आयकॉन आणि टास्कबार नीट दिसले तर विंडोज मुळात धडधाकट आहे, दोष नंतर आलेल्या कशात तरी आहे.

इथे एक अडथळा येऊ शकतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असते आणि या वाटेने जाताना बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करत असाल तर ती बहुधा त्या खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर तुमच्या खात्यात शिरून पाहता येते. की हाताशी आल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

पडदा काळा आणि फक्त माउसचा बाण

फोटोही नाही, नुसता काळा पडदा आणि बाण फिरतोय असं असेल तरी आधी टास्क मॅनेजरचाच उपाय करा, कारण पुष्कळदा हाही एक्सप्लोररच असतो. टास्क मॅनेजरही दिसत नसेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. बीप ऐकू येतो, पडदा एकदा मिणमिणतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्रॅम, नव्याने सुरू होतो. कळा दाबूनही कशालाच दाद मिळत नसेल तर कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागतो का ते पाहा. दिवा लागत-विझत असेल तर संगणक जागा आहे, थोडी वाट पाहा. दिवाही ढिम्म असेल, पंधरा-वीस मिनिटं थांबून फरक पडला नसेल, तर मात्र पॉवरचं बटण दाबून धरण्याला इलाज नाही.

फक्त आयकॉन गेलेत, टास्कबार आहे

डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेत उजवं क्लिक करा, ‘व्ह्यू’वर जा आणि ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’समोर बरोबरची खूण आहे का पाहा. नसेल तर त्यावर क्लिक करा. वर्गात मुलं एकमेकांची ही खूण काढायची. त्यातले हुशार तर आधी डेस्कटॉपचा फोटो घेऊन तोच मागे लावायचे, म्हणजे आयकॉन दिसतायत पण कितीही क्लिक केलं तरी उघडत नाहीत! घरात शाळकरी मूल असेल तर हे ध्यानात ठेवा.

विंडोज १० असलेल्या, पडद्याला हात लावून चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये टॅब्लेट मोड चालू झाला की आयकॉन लपतात. विंडोज आणि ए दाबा, उजवीकडून पट्टी उघडेल, तिच्यातला ‘टॅब्लेट मोड’ बंद करा. विंडोज ११ मध्ये हे बटणच नाही.

टीव्ही किंवा दुसरा मॉनिटर जोडलेला असेल, किंवा नुकताच काढला असेल, तर विंडोज आणि पी दाबून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडा. पडदा ‘एक्स्टेंड’वर असला की आयकॉन दुसऱ्या पडद्यावर जाऊन बसतात.

फक्त ‘धिस पीसी’ किंवा ‘रिसायकल बिन’ दिसत नसेल तर सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, थीम्स, ‘डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज’ इथे त्यांच्या चौकटीत खूण करा. आयकॉन जागेवर आहेत पण चित्रं पांढरी, कोरी दिसतायत, असा प्रकार असेल तर चित्रांचा साठा बिघडलाय. बहुतेकदा रीस्टार्टने ते सुधारतं. फायलींना काही झालेलं नसतं.

आता खरा गुंता. रिसायकल बिन दिसतं, टास्कबार आहे, पण आपण ठेवलेल्या फायली आणि फोल्डर मात्र नाहीत. हे मी अलीकडे सगळ्यात जास्त पाहते आणि याचं उत्तर बहुधा वनड्राइव्हमध्ये, म्हणजे इंटरनेटवर फायली साठवायच्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीत, असतं. विंडोज मधूनमधून विचारतं, फोल्डरचा बॅकअप घेऊ का? आपण घाईत हो म्हणतो. त्या क्षणी तुमचं डेस्कटॉपचं फोल्डर जुन्या जागेवरून उठून वनड्राइव्हच्या फोल्डरच्या आत जातं. पडद्यावर फरक दिसत नाही, म्हणून कळतही नाही. फुकट मिळते ती जागा ५ जीबी. ती भरली की सूचना यायला लागतात, कोणीतरी वैतागून बॅकअप बंद करतं, आणि डेस्कटॉप पुन्हा जुन्या जागेकडे बघू लागतो. ती जागा रिकामी असते. फायली वनड्राइव्हमधल्या डेस्कटॉपमध्ये सुखरूप असतात.

म्हणून दोन्हीकडे पाहायचं. विंडोज आणि ई, मग सी ड्राइव्ह, युजर्स, तुमच्या नावाचं फोल्डर. तिथे एक ‘डेस्कटॉप’ असेल आणि ‘वनड्राइव्ह’मध्ये शिरलात तर दुसरं. ज्यात फायली आहेत त्यातून कॉपी करून ज्यात हव्यात तिथे ठेवा. नेहमी आधी कॉपी. सगळं नीट पोचल्याची खात्री झाल्याशिवाय मूळ जागचं काही काढायचं नाही. ‘जागा मोकळी करू’ म्हणून वनड्राइव्हमधून कोणी खोडून टाकलं असेल तर वनड्राइव्हच्या संकेतस्थळावरचं रिसायकल बिन उघडा. वैयक्तिक खात्यात खोडलेल्या फायली तिथे ३० दिवस राहतात. एरवी मी घाई करू नका म्हणते, पण इथे करा.

फक्त टास्कबार नाही

माउस पडद्याच्या अगदी खालच्या कडेला नेऊन थांबा. टास्कबार वर सरकला तर तो आपोआप लपण्यावर ठेवलेला आहे : सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, आणि ‘ऑटोमॅटिकली हाइड द टास्कबार’ बंद. विंडोज ११ मध्ये ते ‘टास्कबार बिहेव्हियर्स’च्या आत आहे. ब्राउझर पूर्ण पडद्यावर पसरला असेल तर एफ ११ दाबा. काही लॅपटॉपवर त्यासोबत एफएन कळही लागते. विंडोज १० मध्ये टास्कबार ओढून डावी-उजवीकडे नेता येतो किंवा केसाएवढा बारीक करता येतो, म्हणून चारही कडांवर माउस नेऊन पाहा. दोन बाणांचं चिन्ह दिसेल तिथून ओढा.

डेस्कटॉप परक्या घरासारखा दिसतोय

टास्कबार आहे, दोन-चार आयकॉनही आहेत, पण आपलं काहीच नाही. मागचा फोटोसुद्धा वेगळा, जणू संगणक आजच विकत आणला. कोपऱ्यात ‘टेम्पररी प्रोफाइल’ अशी सूचना चमकून गेली असेल. विंडोजला तुमचं नेहमीचं खातं वाचता आलं नाही, म्हणून त्याने तात्पुरतं खातं उघडून दिलंय. या अवस्थेत एकही फाइल बनवून ठेवू नका. साइन आउट करताच त्या खात्यातलं सगळं पुसलं जातं.

दोन-तीनदा रीस्टार्ट करा. पुष्कळदा सुरू होताना दुसऱ्या कोणी तरी खात्याची फाइल धरून ठेवलेली असते आणि पुढच्या खेपेला ती मोकळी होते. तरीही तसंच राहिलं तर सी ड्राइव्हच्या ‘युजर्स’मध्ये तुमच्या जुन्या नावाचं फोल्डर शोधा. तुमचा डेस्कटॉप, फोटो, कागद तिथे असतात. ते आधी पेन ड्राइव्हवर घ्या. यावर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या आतल्या नोंदवहीत, फेरफार करण्याचा उपाय आहे, पण तिथे एक अक्षर चुकलं तर संगणक सुरूच होत नाही. घरच्या माणसाने त्यापेक्षा सेटिंग्जच्या ‘अकाउंट्स’मध्ये नवीन खातं काढावं आणि फायली त्यात आणाव्यात, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

विंडोजच्या फायलीच खराब झाल्या असतील

वीज गेली आणि संगणक धाडकन बंद झाला, त्यानंतर हे सुरू झालं, असं असेल तर विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासाव्या लागतात. ‘रन न्यू टास्क’मध्ये सी, एम, डी टाइप करा आणि या वेळी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रिव्हिलेजेसच्या चौकटीत खूण करा. काळी खिडकी उघडते. तिच्यात तीन आज्ञा एकामागून एक द्यायच्या, पहिली पूर्ण झाल्याशिवाय दुसरी नाही.

पहिली डिस्कची तपासणी : सी, एच, के, डी, एस, के, जागा, सी आणि त्याला चिकटून विसर्ग चिन्हासारखी दोन टिंबं, जागा, तिरपी रेघ, एस, सी, ए, एन.

दुसरीला इंटरनेट लागतं, कारण ती चांगल्या फायली मायक्रोसॉफ्टकडून आणते : डी, आय, एस, एम, जागा, तिरपी रेघ आणि ऑनलाइन, जागा, तिरपी रेघ आणि क्लीनअप, चिकटून आडवी छोटी रेघ, चिकटून इमेज, जागा, तिरपी रेघ आणि रिस्टोअरहेल्थ. ‘रिस्टोअर’ आणि ‘हेल्थ’ हे दोन शब्द जोडून, सगळं इंग्रजीत. टक्केवारी मध्येच एका आकड्यावर बराच वेळ अडून बसते. खिडकी बंद करू नका, चहा ठेवा.

तिसरी : एस, एफ, सी, जागा, तिरपी रेघ, एस, सी, ए, एन, एन, ओ, डब्ल्यू. ही सिस्टीमची प्रत्येक महत्त्वाची फाइल तपासते आणि खराब असेल ती बदलते. हिला चांगली प्रत लागते ती दुसऱ्या आज्ञेने दुरुस्त केलेल्या साठ्यातून मिळते, म्हणून हा क्रम.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर यातलं काहीही करू नका. आधी फायली बाहेर काढा. डिस्क मरायला टेकलेली असते आणि तपासणीचा ताणही तिला सोसत नाही.

व्हायरसची शंका

काही व्हायरस लॉगिननंतर एक्सप्लोररऐवजी स्वतःला सुरू करून घेतात. अँटिव्हायरस मग व्हायरस काढतो, पण बदललेली नोंद तशीच राहते, आणि दर वेळी कोरा पडदा येतो. दर लॉगिनला हाताने एक्सप्लोरर सुरू करावा लागतो, हे त्याचं लक्षण. विंडोज सिक्युरिटी उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, ‘स्कॅन ऑप्शन्स’, आणि ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडा. संगणक रीस्टार्ट होतो आणि साधारण १५ मिनिटं तपासणी चालते. त्यानंतरही तेच झालं तर जाणकाराला बोलवा आणि नेमकं सांगा : रजिस्ट्रीत ‘विनलॉगऑन’खाली ‘शेल’ची नोंद पाहा, तिथे फक्त एक्सप्लोरर डॉट ईएक्सई हवं.

उपाय शोधताना मोबाइलवर ‘हेल्पलाइन’ म्हणून दिसणाऱ्या नंबरांवर फोन करू नका. मायक्रोसॉफ्ट घरच्या माणसाला स्वतःहून फोन करत नाही, आणि पलीकडचा माणूस दूरून पडदा पाहण्याचं ॲप घ्यायला सांगू लागला तर तिथेच फोन ठेवा. कोरा पडदा पाहून घाबरलेला माणूस या लोकांना हवाच असतो. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. तिथे जितका लवकर फोन, तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त.

मागे जाणं, आणि दुकान

कालपर्यंत नीट होतं, अपडेटनंतर बिघडलं, असं असेल तर सेफ मोडसाठी वापरलेल्या निळ्या पडद्यावर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आहे. त्याच यादीत ‘सिस्टीम रिस्टोअर’ही आहे : आधीची एखादी तारीख निवडली की विंडोज आणि प्रोग्रॅम त्या दिवसासारखे होतात, तुमचे कागद आणि फोटो तसेच राहतात. पण त्यासाठी ही सोय आधी चालू असावी लागते आणि बऱ्याच संगणकांवर ती बंद असते. आज सगळं ठीक असेल तर स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधून सी ड्राइव्हचं संरक्षण चालू करून ठेवा. सगळे उपाय थकले तर ‘रिसेट धिस पीसी’मधलं ‘कीप माय फाइल्स’. त्यात फायली राहतात, बसवलेले प्रोग्रॅम जातात. तरीही ते करण्याआधी कागदांची प्रत पेन ड्राइव्हवर असलीच पाहिजे.

दुकानात न्यावंच लागलं तर कामाचं वाक्य साधं ठेवा : “दादा, एक्सप्लोरर सुरू होत नाहीये. मला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नका.” पावतीवर तेवढं लिहून घ्या. मावशीने तर आता मॉनिटरच्या बाजूला कागदच चिकटवलाय. त्यावर तिच्या ठळक अक्षरात तीन कळांची नावं आहेत, आणि खाली ते आठ अक्षरांचं स्पेलिंग.